ग्रीस आणि तिळाचं तेल

मुरलीधर टिल्लूंच्या घरात मेकॅनिक कधी आला नाही. त्यांनी येऊच दिला नाही! दिवसभर ऑफिसात फायलींवर शेरे मारायचे आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की हातात स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. मिक्सर, गीझर, कूलरचा पंप, त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. उघडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या सुधारायच्या, हे कबूल केलं पाहिजे. उरलेल्या निम्म्यांचा विषय निघाला की मात्र साहेब गाल फुगवून बसायचे.

त्यामुळे बायकोची इलेक्ट्रिक सायकल गुरगुरायला लागली तेव्हा टिल्लूंना आनंदच झाला. अहिल्याबाई दर शनिवारी पहाडगंजच्या मराठी शाळेत मुलांना गोष्टी सांगायला जात. दिल्लीत वाढलेली ती पोरं, 'उंबरठा' म्हटलं तरी तोंडाकडे बघत बसायची. पण बाईंवर जीव टाकायची. गुडघे दुखायला लागल्यापासून बाईंची सगळी भिस्त या सायकलवर होती. पॅडल मारलं की पॅडलपाशीच बसवलेली मोटार जोर लावायची आणि फ्लायओव्हरचा चढसुद्धा सपाट वाटायचा.

टिल्लूंनी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून मोटार उघडली. आत नायलॉनचं दातेरी चाक होतं, त्यावरचं ग्रीस वाळून काळं पडलं होतं. 'अच्छा, एवढंच ना!' म्हणत त्यांनी डबा उघडला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस बजावून सांगत होता की ग्रीस फक्त दात्यांना लावा, या दातेरी चाकाच्या पोटातल्या क्लचला अजिबात नको; क्लच घसरला की मोटारीचा जोर पुढे पोचतच नाही. पण टिल्लू व्हिडिओ पुढे पळवत होते. आणि टिल्लूंच्या घरी पुरणपोळीवर तूप वाढताना कुणी हात आखडता घेतलेला नाही. तोच हात इथेही चालला. दात्यांना, क्लचला, फटीफटीत, सगळीकडे भरपूर ग्रीस गेलं.

मग टिल्लूंनी खाली गल्लीत चक्कर मारली. मोटार छान गुणगुणत होती, पण ढकलत काहीच नव्हती. तेवढ्यात वरून अहिल्याबाईंनी विचारलं, "झाली का हो?" शेजारचे दोघे फाटकाशी उभे होते. टिल्लू म्हणाले, "बिल्कुल! मक्खन चलतेय!"

रविवारी बघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण मध्ये शनिवार होता.

त्या दिवशी अहिल्याबाई परतल्या त्या भिंत धरत धरत. खुर्चीत बसून गुडघे चोळू लागल्या. मग म्हणाल्या, "मोटार चालू होती हो, आवाज येत होता. माझेच पाय गेले आता."

अगं, पाय नाही, माझी अक्कल गेली! एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण 'तरी मी म्हणत होते, मेकॅनिकला दाखवा' हे त्यांना आधीच ऐकू आलं आणि या भल्या माणसाने तोंड मिटून घेतलं. लाज वाटली, फार वाटली. पण लाजेने गप्प बसणारा माणूस आणखीच लाजिरवाणं काहीतरी करत असतो.

ते तिळाचं तेल कोमट करून आले आणि बायकोच्या पायांशी जमिनीवर बसले.

"अहो, हे काय! मला पाप लागेल," म्हणत तिने पाय ओढले. पण मग दुखऱ्या पायांना बरं वाटलं, आणि रोज संध्याकाळी तो परिपाठच झाला. एकदा ती पानिपतच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "चंद्रप्रभा, खोटं वाटेल तुला. हे रोज माझे पाय चेपतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कधी पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता गं!" स्वयंपाकघरात उभ्या टिल्लूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग एका सकाळी चहा ओतताना ती शांतपणे म्हणाली, "शाळेत सांगून टाकते. नाही जमायचं आता."

तिच्यादेखत मोटार पुन्हा उघडायची टिल्लूंची इतके दिवस छाती झाली नव्हती; दुसऱ्याच दिवशी ती बहिणीकडे पानिपतला गेली. टिल्लूंनी मोटार पुन्हा उघडली. या वेळी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. पेट्रोलात भिजवलेल्या चिंधीने क्लचवरचं ग्रीस पुसून काढलं, दात्यांना बेताचं ग्रीस लावलं, झाकण बसवलं. सायकल पहिल्याच पॅडलला पुढे झेपावली. टिल्लू गल्लीत एकटेच उभे राहिले, आणि त्यांना जरासुद्धा आनंद झाला नाही.

ती परतल्यावर त्यांनीच आग्रह केला, "एक चक्कर मारून तर बघ."

अहिल्याबाई फ्लायओव्हरपर्यंत जाऊन आल्या. चेहरा लाल, पदर खोचलेला. "अहो, चढले मी! न थांबता! तुमच्या तेलाचा गुण बघा. हातात जादू आहे तुमच्या!"

आता मात्र गप्प बसणं टिल्लूंच्यानं झालं नाही. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. ग्रीस, क्लच, फाटकाशी मारलेली फुशारकी, 'माझेच पाय गेले' ऐकूनही धरलेलं मौन. "तुझ्या पायांना नवं काही झालं नव्हतं. मी... मला लाज वाटत होती."

ती चिडेल, बोलेल, निदान तोंडसुख तरी घेईल असं त्यांना वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "म्हणून माझे पाय चेपत होतात होय?"

टिल्लू सायकलचं हँडल पुसू लागले.

"मला वाटलं..." ती म्हणाली, आणि पुढे न बोलता आत गेली.

संध्याकाळी ते नेहमीसारखे तेलाची वाटी घेऊन तिच्यासमोर बसले. अहिल्याबाईंनी पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि त्यावर साडी नीट पसरली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता सायकल चांगली चालतेय."