मी काय म्हणतो

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, पुन्हा चढवायचा आणि मग सुरुवात करायची, "मी काय म्हणतो..."

दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीतले हे काका एका सरकारी खात्यात होते. ऑफिसला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. बसने यमुनेचा पूल ओलांडला तरी काका काय म्हणतात ते कळायचं नाही. अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. ऐकताना आपलाच जीव कासावीस होतो.

घरी मात्र त्यांनी "मी काय म्हणतो" म्हटलं, की काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "ऐकतेय, बोला." आणि कणीक मळता मळता खरंच ऐकायच्या.

उशिरा का होईना, काका म्हणायचे ते मोलाचं असायचं. तेव्हा रोज नव्या कंपन्या निघत होत्या. नोएडातल्या एका कंपनीने मला दुप्पट पगार कबूल केला. सरकारी नोकरीचा राजीनामा खिशात घालून मी बसमध्ये चढलो. काकांनी चष्मा पुसला.

"मी काय म्हणतो, नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत थांबा."

थांबलो. महिन्याभरात त्या कंपनीच्या दाराला कुलूप लागलं.

त्याच वर्षी सोसायटीच्या गणपतीत, करमणुकीच्या कार्यक्रमात, मी त्यांची नक्कल केली. चष्मा, शर्टाचं टोक, सगळं हुबेहूब. पाच मिनिटं नुसतं "मी काय म्हणतो", पुढे काहीच नाही. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पहिल्या रांगेत काकाही टाळ्या वाजवत होते. त्यांना आवडलं असेल, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्यांचा चेहरा मी तेव्हाच पाहिला होता, आणि तरी वन्स मोअर घेतला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी चष्मा काढला, पुसला, चढवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये गाड्या लावण्यावरून भांडण जुंपलं, तेव्हा मीच म्हटलं, "काका, तुम्ही बोला ना."

"सगळे ठरवतील ते अच्छा है."

माफी मागायला मला रोज पाऊण तास मिळत होता. मी मागितली नाही. मग गुडगावला फ्लॅट घेतला आणि सुटलो एकदाचा.

बऱ्याच वर्षांनी काका गेल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "त्या गणपतीनंतर घरातसुद्धा ते तसं कधी म्हणाले नाहीत हो. विचारलं तर म्हणायचे, लोकांना त्रास होतो."

मला लाजेने वर बघवेना. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला अगदी त्यांच्यासारखं जमायचं. एकदा म्हणता?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. चष्मा आता मलाही आहे. काढला, पुसला, चढवला.

"मी काय म्हणतो..."

"ऐकतेय, बोला," काकू म्हणाल्या.

पुढे म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं.