कुंपणातले पांढरे खुंटे

गावातली पोरं मला लढाईच्या गोष्टी विचारतात. मी त्यांना एका कुंपणाची गोष्ट सांगतो. त्यांची निराशा होते. होऊ दे. लढाईत मी फारसा नव्हतोच, आणि जिथे होतो तिथे काय झालं हे मला नीट दिसलं नव्हतं. कुंपणाशी जे झालं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

अमेरिकेत यादवी पेटली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांतली ही हकिकत आहे. मी रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दफेदार होतो. आमची लहानशी तुकडी अकोला-बाळापूर रस्त्यावरच्या ठाण्यावर होती. रेल्वे अजून अकोल्याला पोचायची होती. कापसाच्या गाड्यांची रांग दिवसभर रस्त्यावरून चाले आणि ती लुटली जाऊ नये म्हणून आम्ही गस्त घालत असू. सकाळी घोड्यांना खरारा, मग गस्त, दुपारी तोबऱ्यात चंदीचा दाणा, दिवस कलताना नाल्यावर पाणी. नोकरी म्हणाल तर कंटाळवाणी होती आणि शिपायाला कंटाळवाणी नोकरीच बरी.

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या रिसाल्यात घोडा सरकारचा नसे, सवाराचा स्वतःचा असे. घोडा आहे तोवर सवाराची जागा. या जागेला आम्ही असामी म्हणत असू. सवार मेला तरी त्याच्या घोड्यावर दुसरा कोणी बसे आणि घरच्यांना पगारातला हिस्सा मिळे. पण घोडा रिसाल्यातून बाद झाला आणि दुसरा आणायची ऐपत नसली, की असामी गेली. मग घरी जाऊन माशा मारायच्या.

करीमखान बाळापूरचा. घरी म्हातारी अम्मा आणि ठाण्यावर मैना नावाची घोडी, एवढंच त्याचं जग होतं. मैना अंगाने लहान, रंगाने तांबूस, पण नेजाबाजीत तिला तोड नव्हती. नेजाबाजी म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी भरधाव घोड्यावरून भाल्याने उचलायची. खुंटीला चुना लावतात, म्हणजे ती दुरून दिसते. इतर घोड्यांना लगामाने वळवून खुंटीवर न्यावं लागे. मैनाला पांढरं टोक दिसलं, की ती मान लांब करून आपली आपण सुटे आणि खुंटी बरोबर उजव्या अंगाला ठेवून हातभर अंतराने निघून जाई. करीम भाल्याला नुसता हात लावायचा. बक्षीस घोडीला द्या, मी फुकटात बसून आलो, असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्या साली पाऊस वाईट झाला नव्हता, तरी आमची सगळी जनावरं उपाशी होती. ठाण्यामागे गवताचं मोठं कुरण होतं, ते नांगरून कोणीतरी कपाशी लावली. ज्वारी पेरायचं लोकांनी सोडलं, म्हणून कडबा मिळेना. जो तो गाडीत कापूसच भरायचा, वैरण आणायला गाडीवान तयार होईना. दिवाळीनंतर बोंडं फुटली आणि ठाण्याच्या चारी बाजू पांढऱ्या झाल्या. पाहणाऱ्याला ते छान दिसलं असेल. मला त्या पांढऱ्याची धास्ती वाटायला लागली होती, कारण त्यात जनावराच्या तोंडी लागेल असं काही नव्हतं. घोडी आधी बांधायच्या खुंट्या कुरतडू लागली. मग एकमेकांच्या शेपट्या खाऊ लागली. सकाळी खराऱ्याला गेलं, की दोन-तीन शेपट्या बोडक्या झालेल्या दिसत. सवार आपसात कमी बोलू लागले.

नाल्यापलीकडे पुंजाजी नावाच्या कुणब्याचं शेत होतं. त्यानेही कपाशीच लावली होती, पण मधोमध घरच्यापुरती ज्वारीची पट्टी राखली होती. ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, वारा आमच्याकडे फिरला आणि पाण्यावरून येताना मैनाने बाभळीच्या काट्यांचं कुंपण छातीने फोडलं. तिच्यामागून बाकीची घुसली. करीमने त्यांना हाकून बाहेर आणलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुंजाजी काटे घालायचा, मैना ते मोडायची.

तो ठाण्यावर आला तेव्हा त्याने आवाज चढवला नाही.

"कपाशी तुडवली, त्याचं मी काई म्हणत नाई दफेदार. ज्वारी खाल्ली. बजारात दाणा नाई. आमी का आता कापूस खावाचा?"

मी रिसाल्याच्या गोऱ्या साहेबाकडे कळवलं. साहेबाचा हुकूम आला, की तांबूस घोडीने पुन्हा एकदा कुंपण मोडलं तर ती रिसाल्यातून बाद. करीमने हुकूम ऐकला आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

गावातल्या लोकांनी मैनाच्या गळ्यात लोढणं बांधायला सुचवलं. ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, तो पायांत येतो आणि गुराला धावता येत नाही. करीमला ते रुचलं नाही. रिसाल्याच्या घोडीला बैलाचा दागिना घालणार नाही, म्हणाला. मीही त्याच्याच बाजूने बोललो. आम्हा घोडेस्वारांना आमच्या इभ्रतीचं फार.

पुढच्या गस्तीवरून येताना पाहिलं तर पुंजाजी कुंपणाच्या फुटलेल्या जागी बांबूचे खुंटे रोवत होता. वरून तासून टोकं काढलेली, बाहेरच्या बाजूला कललेली. रानडुकरांसाठी आमच्याकडे असे रोवतात. पण माणूस सरळ होता, त्याने लपवाछपवी केली नाही. आम्हाला थांबवून म्हणाला, की कोणाचं जनावर मरावं असं त्याच्या मनात नाही, ते दुरूनच फिरेल असं काही असलं तर सांगा.

करीमच पुढे झाला.

"चुना लाव त्याले. पांढरं पाहून घोडं बिचकते."

ते खरंच होतं. आम्ही सगळे घोड्यांतच वाढलेलो, सगळ्यांनी माना डोलावल्या. करीमने ठाण्यातला चुना स्वतः नेऊन दिला. दोघांनी मिळून टोकं रंगवली आणि पुंजाजीने त्याला चिलीम दिली. आमच्यातल्या एकालाही मैनाची आठवण झाली नाही. तिच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं.

त्यानंतर काही दिवस शांततेत गेले. घोडी पाण्यावर जाताना कुंपणाकडे बघत, कान टवकारत आणि बाजूने निघून जात. करीम पुन्हा जेवायला लागला. मला मात्र ती शांतता मानवत नव्हती. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मग एका संध्याकाळी आम्ही घोडी पाण्यावर नेली. पाण्यावर जाताना खोगीर नसतं, तोंडात लगाम नसतो, नुसती दोरी असते. करीम मैनाच्या उघड्या पाठीवर होता. दिवसभर घोड्यांना चंदी मिळाली नव्हती. वारा ज्वारीवरून आला आणि कडेचे मोकळे घोडे पाणी सोडून शेताकडे उधळले.

"करीम, फिरव!" मी ओरडलो.

मी ओरडलो नसतो तरी तो गेलाच असता. आता शेतात खूर उमटले, की ते मैनाच्याच नावावर लागणार होते. त्याने मैनाला टाच मारली आणि नाला ओलांडून घोड्यांच्या पुढे काढली. घोड्यांना पांढरी टोकं दिसली. त्याने सांगितलं होतं तसेच ते बिचकले आणि डावीकडे वळले. काम फत्ते झालं होतं.

मैना वळली नाही. तिने मान लांब केली.

करीमने दोरी दोन्ही हातांनी ओढलेली मला दिसली. तो मागे रेलला होता. मैना कडेच्या खुंट्यावर सुटली, तिला शिकवलं होतं अगदी तशी, खुंटा उजव्या अंगाला ठेवून. पण तिथे मैदान नव्हतं. डाव्या अंगाला बाभळीचे काटे होते. काटे लागताच ती अंग चोरून उसळली आणि करीम उजवीकडे खुंट्यांवर पडला.

आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याने एकच विचारलं.

"मोडलं का कुंपण?"

काटे मोडून पडलेले दिसत होते, तरी मी नाही म्हणालो. त्याने डोळे मिटले. पुन्हा उघडले नाहीत. मैना ज्वारीच्या कडेला उभी होती आणि तिने कणसाला तोंड लावलं नव्हतं. खुंटी घेतल्यावर करीम तिच्या मानेवर थाप मारायचा. त्या थापेची वाट बघत ती उभी असावी. मला ते बघवेना.

साहेब स्वतः चौकशीला आला. घोडीने कुंपण मोडलं की नाही, हा त्याचा पहिला प्रश्न. मोडलं असेल तर हुकुमाप्रमाणे घोडी बाद, असामी बाद आणि बाळापूरच्या म्हातारीच्या तोंडचा घास गेला. मी काही बोलायच्या आत पुंजाजी पुढे आला.

"तिथं कुंपणच नोतं, साहेब. वाट मीच उघडी ठेवली होती. मंधात खुटे मीच रोवले."

उघड्या वाटेत असे खुंटे रोवून माणूस मारलास, असं म्हणून साहेबाने त्याला तिथेच ताब्यात घ्यायला लावलं. मला विचारलं. मी म्हणालो, शेतकरी सांगतो तेच बरोबर. नोकरीत मी साहेबाशी एवढं एकच खोटं बोललो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

पुंजाजी कैदेतून सुटून आला तेव्हा त्याचा कापूस अर्धा वाऱ्याने नेला होता. ज्वारी मात्र आम्ही सवारांनी कापून, खुडून त्याच्या घरी पोचती केली होती. कडब्याची एक पेंढीही कोणी घेतली नाही. आमची जनावरं उपाशी होती, तरी नाही.

मैना रिसाल्यात राहिली. तिच्यावर दुसरा सवार बसला आणि अम्माला शेवटपर्यंत हिस्सा मिळत गेला. नेजाबाजीला मात्र तिला परत कोणी काढलं नाही.

करीमची कबर बाळापुरात आहे. वर्षातून एकदा लोक तिथल्या कबरी झाडून त्यांना चुना लावतात. पहिल्या वर्षी मी आणि पुंजाजी गेलो होतो. पोरं बादली घेऊन करीमपाशी आली तेव्हा अम्माने हात आडवा केला.

"त्याले नको," ती म्हणाली.

म्हातारी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिचा शब्द अजून पाळतात. सगळ्या पांढऱ्या कबरींमध्ये ती एकच काळ्या मातीची आहे, म्हणून मला ती शोधावी लागत नाही.