सिनेमातल्या आत्याचा आवाज

स्टुडिओत तिला सगळे आत्याच म्हणायचे. सव्वीस वर्षांपूर्वी एका परदेशी विनोदी सिनेमाला तिने आवाज दिला होता. नाताळात सगळं खानदान एका घरात जमतं, कडाकडा भांडतं, केक जमिनीवर पडतो आणि शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, असा साधासुधा सिनेमा. त्यातली खाष्ट आत्या म्हणजे ही. दर डिसेंबरला तो टीव्हीवर लागायचा आणि भाचरं तिला तेच वाक्य म्हणायला लावायची, "माझ्या खुर्चीत कोण बसलंय रे?"

तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती कुजबुज. स्टुडिओच्या मालकांनी तिला पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळतात का ते बघायला बसवलं. सकाळी नऊपासून डोक्यावर हेडफोन. संध्याकाळपर्यंत कानशिलं ठणकायची.

यंदा चॅनेलने तोच सिनेमा नव्याने डब करायला घेतला, कारण जुनं रेकॉर्डिंग फार खरखरत होतं. खाष्ट आत्याच्या आवाजासाठी एक तरुण नटी आली. सात टेक झाले, तरी खुर्चीच्या त्या वाक्यात काही जीव येईना.

"आत्या, तुम्ही कसं म्हणाला होतात हो?" पोरगी काकुळतीला आली.

"रागावून म्हणू नकोस गं," आत्या कुजबुजली. "ती दमलीय. सकाळपासून उभी आहे बिचारी. तिला फक्त टेकायचंय."

आठव्या टेकला काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट फिस्सकन हसला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" पोरीने विचारलं.

"शिकवतंय कोण? तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्रभर जागून मी इथे यायचे."

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी भावाच्या घरी सगळे तो सिनेमा बघायला टीव्हीसमोर बसले. सिनेमातल्या आत्याच्या पहिल्याच वाक्याला भाचा रुसला. "हा आपल्या आत्याचा आवाज नाहीच!"

पण केक पडला आणि घर खिदळलं. भाचाही लोळून हसला. आत्याच्या काळजात बारीकशी कळ आली. आपल्यावाचून सिनेमाचं काहीच अडलं नव्हतं. मग तिचेही खांदे हलू लागले, आवाजाविना.

"बरं वाटतंय ना?" वहिनीने विचारलं.

"दरवर्षी तेच," ती पुटपुटली, "तरी हसू येतंच मेलं."

शेवट येण्याआधीच तिचा डोळा लागला. वहिनीने टीव्ही जरा हळू केला.