फलाटावर शिकलेलं लिहिणं

कळंबच्या बसस्थानकात मी वाहतूक नियंत्रक आहे. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि कोणती गाडी कुठे लागली ते माईकवर सांगायचं, हे माझं रोजचं काम. वाचनालयाने दिवाळी अंकासाठी लेख मागितला, तेव्हा तयारीही मी कामाच्याच पद्धतीने केली. विषय ठरला, मुद्दे काढले, क्रम लावला. येडशीजवळ रस्त्यात झाड आडवं पडलं आणि सगळ्या गाड्या अडकल्या, त्या दिवसाबद्दल लिहायचं होतं. भाषा मात्र ठेवणीतली काढली. सुरुवातच 'निसर्गाच्या रौद्र तांडवाने'.

पाठवण्याआधी धाकट्या जावेला वाचून दाखवला. ती तूर पाखडत होती.

"अक्का, हे कुणी लिवलं?"

"मीच की."

"व्हय? मला वाटलं, सत्काराचं भाषण हाय. तुमी असं कवा बोलता?"

"लेखाची भाषा वेगळी असते."

"असंल. पर त्या दिवशी तुमी घरी येऊन सांगितलं, तवा माझी भाकर करपली होती ऐकता ऐकता. आज कंटाळा आला बघा."

राग आला. माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं, स्थानकात सगळ्यांना सांगून झालं होतं. लोक दोन ओळी वाचून पान उलटणार असतील, तर त्या नावाचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी माझंच बोलणं ऐकत राहिले. समोरचा माणूस कडेवर लेकरू आणि हातात पिशव्या घेऊन उभा असतो. त्याला आधी गाडीचं सांगायचं, कारण नंतर. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. इतक्या वर्षांत हे अंगवळणी पडलं होतं आणि लिहिताना मी नेमकं तेच बाजूला ठेवलं होतं.

माईकवर जे शब्द कधीच वापरत नाही, त्यांची यादी केली आणि लेखातून ते काढले. रौद्र गेलं, तांडव गेलं, जणू गेलं. अर्ध्याहून जास्त लेख गेला. उरलेल्या जागेत माणसं आली. बाळंतपणाला माहेरी निघालेली एक मुलगी, तिच्या पोटात दुखायला लागलेलं. तिला मी माझ्या खोलीत पंख्याखाली बसवलं होतं. तिचे वडील सारखे दारात येत. "मॅडम, गाडी?" "माहीत नाही, काका. कळलं की आधी तुम्हाला सांगते."

नवी सुरुवात अशी झाली: 'भरलेल्या स्थानकाला मला सांगायचं होतं, की येडशीकडे एकही गाडी सुटणार नाही.' हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाला ते असं लिहिता आलं नसतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

जावेला पुन्हा वाचून दाखवलं. लेखात त्या मुलीचे वडील तिसऱ्यांदा दारात आले, तिथे तिने मला अडवलं.

"पोरगी पोचली का न्हाय?"

"पुढे आहे."

"आधी सांगा की!"

माईकवर ऐकणाऱ्याला असं ताटकळत ठेवता येत नाही. लेखात येत होतं.

"गप ऐक," म्हटलं आणि सावकाश पान उलटलं.