कोपरगावी बोललेली जर्मन

मला जर्मन येते, हे मला प्रथम कोपरगावला कळलं.

लढाईचे दिवस होते. मामा मला नगरहून मुलगी दाखवायला घेऊन गेला होता. मुलीचे वडील, नाना, साखर कारखान्यात हेडक्लार्क. कारखान्याची यंत्रं जर्मन. ती बसवायला आलेल्या साहेबाशी आपण तासन्‌तास जर्मनमध्ये गप्पा हाणायचो, असं नाना सांगू लागले. ते ऐकून मामाला चेव आला. "आमचा वसंताही जर्मन घडाघडा बोलतो," तो म्हणाला.

(मला इंग्रजीतसुद्धा रजेचा अर्ज तेवढा लिहिता येई!)

मी नाही म्हणणार, तोच मुलगी पोहे घेऊन आली. ती मला इतकी आवडली, की मी मान खाली घालून पुटपुटलो, "थोडीफार."

"मग होऊन जाऊ दे," नाना मांडी सावरून बसले.

आमचं घर भिक्षुकाचं. लग्नमुंजी थोरल्या भावाकडे, त्यामुळे मला पाठ होते ते फक्त श्राद्धाचे मंत्र. तेच मी शब्द मध्येच तोडत, घशातून खरखर काढत म्हणू लागलो. नाना डोळे मिटून डोलत होते, मधूनच उच्चारांना दाद देत होते.

कोपऱ्यात त्यांचे थोरले बंधू उघड्या अंगाने पेंगत होते. मंत्र कानी पडले, दरसालची सवय! त्यांनी अर्धवट झोपेतच जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दक्षिणेकडे तोंड केलं आणि हात पुढे करून म्हणाले, "तीळ कुठायत?"

मामाने पोह्यांत तोंड खुपसलं. स्थळ हातचं गेलं, असं धरून मी उठायच्या तयारीला लागलो. पण अडकले होते नाना. हे श्राद्ध आहे म्हणावं, तर इतका वेळ डोलत कशाला होते? ते खाकरले. "दादा, अहो जर्मन ही संस्कृतच्या फार जवळची. आमचा साहेब अगदी असाच बोलायचा."

मुलगी तोंडाला पदर लावून आत पळाली. थोड्या वेळाने आतून निरोप आला, मुलगा पसंत.

त्या जर्मनवर मी लग्नानंतर कितीतरी दिवस खूश होतो. शेवटी एकदा बायकोला विचारलंच, होकार दिलास तो काय पाहून?

"बाबांची फिरकी घ्यायला तुम्ही मुद्दाम श्राद्ध म्हणताय, असं वाटलं मला," ती म्हणाली. "म्हटलं, माणूस मोठा मिस्कील आहे. तुम्ही ते मनापासून करत होतात, हे कळेपर्यंत अक्षता पडल्या होत्या."