दत्तारामभाऊंचा वाळूतला सराव

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कारखान्यांच्या रांगेत, बर्फावरच्या खेळांचं सामान भाड्याने देणारं एक दुकान आहे. वाळवंटात असलं दुकान चालतं कसं, असं मलाही वाटलं होतं. पण जॉर्जियाचे डोंगर इथून विमानाने साडेतीन तासांवर आहेत, आणि हिवाळ्यात लांब वीकेंड आला की आमच्या अल रीमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्येसुद्धा स्कीच्या लांबट बॅगा दिसायला लागतात. त्या दुकानात सामान तपासून देण्याचं काम दत्ताराम पाष्टे करतात. संगमेश्वर तालुक्यातले, पन्नाशीचे, उजव्या पायाने किंचित लंगडणारे. बर्फ त्यांनी पाहिलाय तो फक्त मॉलमध्ये, काचेपलीकडून.

माझा नवरा चारुदत्त बँकेत आहे. सहा वर्षं आखलेल्या उतारांवर स्की करून त्याला कंटाळा आला होता. त्याला आणि त्याचा मित्र सिद्धांत याला आता कोणी न तुडवलेल्या मोकळ्या डोंगरात जायचं होतं. तिथे हिमकडा कोसळण्याचा धोका असतो, म्हणून दोघं सामान घ्यायला गेले. मी गाडी चालवत होते, म्हणून मीही आत गेले.

दत्ताराम यांनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. बीकन, म्हणजे छातीवर बांधायचं छोटं यंत्र. माणूस बर्फाखाली गेला तरी त्याचं बीकन सिग्नल देत राहतं, आणि वर राहिलेल्यांची बीकनं तो पकडतात. मग बर्फात खुपसून बघायची घडीची लांब काठी. फावडं. शिवाय पाठीवरची एअरबॅग, दोरी ओढली की फुगणारी, माणसाला बर्फाच्या वर ठेवायला.

"म्हणजे फुल सेफ," सिद्धांत म्हणाला.

दत्ताराम यांनी बीकनचं झाकण उघडून बॅटरी पाहिली आणि परत लावली. "साहेब, हे वापरून बघितलंय का कधी?"

"यूट्यूबवर पाहिलंय."

"मग रविवारी सकाळी अल कुद्राच्या बाजूला या. वाळूत करून बघू."

चारुदत्तला हे जरा जास्तच वाटलं. सामान भाड्याने देणारा माणूस आपल्याला शिकवणार. पण बिल करताना दत्ताराम यांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "मॅडम, तुम्ही घेऊन याल ना दोघांना?" मी हो म्हणून बसले.

रविवारी दत्ताराम इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या खोलीतून दोन बस बदलून, पुढे कुणाच्या तरी गाडीतून आले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा वाळूची जागा तयार होती. एका जुन्या दप्तरात चालू बीकन घालून त्यांनी ते कुठेतरी मीटरभर खोल पुरलं होतं आणि वरची वाळू फळीने सारखी केली होती. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच.

"यल्ला, चला," ते म्हणाले.

बीकनवर बाण दिसतो आणि आकडा. आकडा कमी होत गेला की आपण जवळ जातोय. चारुदत्त धावत सुटला, आकडा वाढला, तो उलटा फिरला. सिद्धांतच्या खिशात मोबाइल चालू होता, त्यामुळे त्याचा बाण सारखा भरकटत होता. मग काठी दप्तराला लागेना. लागली तेव्हा दोघं एकाच जागी उभे राहून उकरू लागले आणि बाजूची वाळू परत खड्ड्यात ओघळू लागली. दप्तर वर आलं तेव्हा दोघांचे शर्ट पाठीला चिकटले होते.

"सव्वीस मिनिटं," दत्ताराम म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटांनंतर माणूस वाचणं कठीण असतं म्हणतात. हे दप्तर होतं म्हणून बरं."

पाणी पिताना मी विचारलं, "दत्तारामभाऊ, तुम्ही हे कुठे शिकलात?"

त्यांनी खाली वाळूवर बसून उत्तर दिलं. पंधरा वर्षांपूर्वी ते बांधकामावर होते. ड्रेनेज लाइनसाठी खोदलेल्या, दोन पुरुष खोल चरात उतरले असताना बाजूची भिंत कोसळली. "डोक्यावर हेल्मेट, पायात लोखंडी टोकाचे बूट, अंगात जॅकेट. सगळं होतं. पण बोट हलवता येईना मॅडम. माती अशी बसते की सिमेंटच. छाती फुगवायला जागा नाही." खैरुद्दीन नावाचा त्यांचा सोबती वर उभा होता. दत्ताराम नेमके कुठे होते हे त्याने पाहिलं होतं. त्याने मशीनवाल्याला थांबवलं, नाहीतर बकेटनेच डोकं गेलं असतं, आणि हाताने, फावड्याने उकरलं. पाय अधू झाला तो झाला, साइटचं काम खलास झालं, पण जीव राहिला. "हेल्मेट मात्र अगदी नव्यासारखं राहिलं," ते म्हणाले.

त्या दिवसापासून चारुदत्तने त्यांना अहो-जाहो करायला सुरुवात केली. दोघं आणखी तीन रविवार गेले. एकाने उकरायचं, दुसऱ्याने वाळू मागे ओढायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. शेवटच्या रविवारी वेळ आली अकरा मिनिटं. दत्ताराम यांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली.

फेब्रुवारीत चारुदत्त आणि सिद्धांत जॉर्जियाला गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, आणि चारुदत्तचा आवाज मला ओळखता आला नाही.

आदल्या दिवशी वाऱ्याने बर्फ एका बाजूच्या उतारावर साचवला होता. धोक्याची पातळी पाचपैकी तीन होती. ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या बाईंनी, आज त्या बाजूला जाऊ नका, असं सांगितलं होतं. दोघं गेले. सिद्धांत उतारावर शिरला आणि वरचा अख्खा पापुद्रा सुटला. त्याने एअरबॅगची दोरी ओढली, ती फुगलीही. पण खाली अरुंद घळ होती. सगळा बर्फ तिथेच येऊन साचला, आणि वर ठेवणारी पिशवीही त्याच्याबरोबर खाली गाडली गेली.

चारुदत्तने मोबाइल बंद केला, बाण धरला, काठी घातली, उकरलं. नऊ मिनिटांत सिद्धांतचा चेहरा मोकळा झाला. वाळूतल्यापेक्षा लवकर. पण वाटेत खडकावर आपटून त्याची मान मोडली होती. डॉक्टर म्हणाले, बर्फ थांबायच्या आधीच तो गेला असावा.

चारुदत्त परत आला तो बोलेनासा झाला. भाड्याचं सामान महिनाभर दाराशी पडून होतं. शेवटी मीच ते घेऊन गेले. दत्ताराम यांना बातमी कळली होती. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि एकच विचारलं, "किती मिनिटं लागली?"

"नऊ."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही."

मी घरी येऊन तसं सांगितलं. चारुदत्तने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "मला त्यांना भेटायचंय."

दुकानाच्या मागे, माल उतरवायच्या जागी आम्ही तिघं उभे होतो. चारुदत्तने जे सांगितलं ते त्याने मलाही सांगितलं नव्हतं. "त्या बाई नको म्हणत होत्या. मीही जरा थांबलो होतो. सिद्धांत म्हणाला, अरे, आपली अकरा मिनिटं आहेत. आणि मला ते पटलं. हे सामान नसतं, सराव नसता, तर मी त्या उतारावर गेलो नसतो, दत्तारामभाऊ."

मला वाटलं, आता दत्ताराम त्याची समजूत घालतील.

"साहेब, मी ती खड्ड्याची गोष्ट सगळ्यांना सांगतो," ते हळूच म्हणाले. "खैरूने कसं काढलं ते. पण त्या दिवशी सकाळी भिंतीला भेग पडलेली मी पाहिली होती. आधाराच्या फळ्या लावल्या नव्हत्या. फोरमन म्हणाला, उतर. माझ्या मनात आलं, हेल्मेट आहे, बूट आहेत, काय होतंय. आणि उतरलो. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुम्हाला मी उकरायला शिकवलं. आधी भेग दाखवायला हवी होती."

चारुदत्त त्यांच्या शेजारी कठड्यावर बसला. ट्रक आला तेव्हा दोघं उठले.

त्या वर्षी दत्ताराम यांनी सराव बंद केला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सुरू केला, पण वेगळा. वाळूत उतरण्याआधी ते आता गिऱ्हाइकांना एक कागद देतात. कोणत्या दिवशी कुठे जाणार, वारा कसा असला की जाणार नाही, आणि दोघांपैकी एकजण नको म्हणाला तर काय करणार, हे त्यावर स्वतःच्या हाताने लिहायचं. हवामान आणि उतारांचं बघून तो कागद चारुदत्तने बनवून दिला. काही लोक वैतागतात. एकाने तर मॅनेजरकडे तक्रार केली की हा माणूस ट्रिपला निघण्याआधीच भीती घालतो. मॅनेजरने दत्ताराम यांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "सर, सामान मी चोख देतो. सामानाच्या पलीकडचं पण सांगतो. नको असेल तर मला दुसरं काम द्या." मॅनेजरने विषय वाढवला नाही.

चारुदत्त अजून बर्फावर गेलेला नाही. जाईल का, मला माहीत नाही. रविवारी मात्र तो दत्ताराम यांना इंटरनॅशनल सिटीतून गाडीत घेतो आणि अल कुद्राला जातो.

मागच्या महिन्यात दत्तारामभाऊंचा फोन आला. चौघांचा एक ग्रुप जॉर्जियाहून परतला होता, दुकानात येऊन खूप कुरकुरला. वारा सुटला, कागदावर लिहिल्याप्रमाणे त्यांना जाता आलं नाही, तीन दिवस हॉटेलात पत्ते खेळत काढले.

"पैसे वाया गेले म्हणत होते," दत्तारामभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात हसू होतं. "मी म्हटलं, चहा घेता का?"