माती, गिअर आणि दादाचा पाय

दादाची गाडी तिसऱ्या गिअरला जात नव्हती. म्हणजे, तो तसं म्हणायचा.

दर्यापूरच्या अलीकडे तूर निघाली की एका शेतात हौशी लोक मोटरसायकलींसाठी मातीचा ट्रॅक करतात. टँकरनं पाणी मारून धूळ बसवतात, मग तीच ओली काळी माती बुटाला, चाकाला आणि बोलता बोलता तोंडालाही चिकटते. माझा मोठा भाऊ तिथला जुना गडी. चाळिशी उलटली तरी हौस फिटलेली नाही. मी अमरावतीला शाळेत शिकवते. मोटरसायकल मला त्यानंच शिकवली, त्यामुळे रविवारी त्याच्यासोबत ट्रॅकवर जाणं हा माझाही नाद. घरचे आम्हा दोघांना नावं ठेवून थकले.

मागच्या वर्षी तो तिथंच पडला. डाव्या घोट्यात प्लेट टाकावी लागली. बरा होऊन परत आला आणि तेव्हापासून हे गिअरचं सुरू झालं. वळणातून बाहेर पडलं की दुसऱ्यावरून तिसरा टाकायचा, म्हणजे डाव्या पायाचा चवडा लिव्हरखाली घालून वर उचलायचा. नेमका तिथंच गिअर अधांतरी लटकायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडीचा जोर निघून जायचा आणि मागचे भराभर पुढं निघायचे.

आमच्याकडे काहीही बिघडलं की दोष काळ्या मातीचा. भिंतीला तडा गेला, माती. दार लागत नाही, माती. ट्रॅकवरही सगळ्यांनी एकमुखानं तेच सांगितलं, की लिव्हरच्या सांध्यात माती घुसते. मिस्त्रीनं लिव्हर खोलून धुतला, मग क्लच बदलला, मग इंजिन उघडलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मला एक गोष्ट टोचत होती. गिअर खाली टाकताना दादाची कधीच तक्रार नसायची. खाली टाकायला पाय दाबावा लागतो, वर टाकायला उचलावा लागतो. माती काही एवढी निवडून त्रास देत नाही. पण सांगणार कोण? शाळेत मी कुणाचं ऐकून घेत नाही, दादासमोर मात्र जीभ रेटत नव्हती. शेती, दुकान, आईचं आजारपण, सगळं त्यानं ओढलं. स्वतःसाठी म्हणून एवढंच ठेवलं होतं, आणि तेही मी काढून घ्यायचं, हे मला जमेना.

एका रविवारी मिस्त्री म्हणाला, आता अख्खा गिअरबॉक्सच बदलू. दादानं हेल्मेट माझ्या हातात दिलं. दोन फेऱ्या मारून ये म्हणाला, तो कडेला उभा राहून ऐकणार होता. इंजिनाच्या आवाजाला त्याचा कान पक्का आहे.

मी निघाले. दुसरा पडला. तिसराही पडला, कुठं न अडखळता. गाडी इतकी छान चालत होती आणि मला रडू येत होतं, कारण प्रत्येक गिअर त्याला ऐकू जात होता. दुसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावर मी चवडा अर्धाच उचलला. इंजिन बोंबललं. मला बरं वाटलं.

थांबले आणि मीही मातीला चार शिव्या हासडल्या. दादा बांधावर बसला, बूट काढून घोटा चोळत राहिला.

"तो शेवटचा मुद्दाम सोडला न तू?"

मी हेल्मेटवरची माती नखानं खरवडत राहिले.

"माया पायच वर येत नाही वं," तो म्हणाला. "मले माहीत हाय. मातीचं नाव सांगून राहिलो इतके दिवस. पण तूई खोटी चालवशील, तं मी खरं कोणाले विचारू?"

फार वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही. मी म्हटलं, टाचेनं टाक मग. साध्या गाड्यांचा लिव्हर मागेही असतो, टाचेनं दाबला की वरचा गिअर पडतो. शर्यतीच्या गाडीला तसा कुणी लावत नाही. लावला तर लोक हसतात, आणि दादा आजवर हसणाऱ्यांतच होता.

त्यानं बूट पुन्हा पायात चढवला. मग त्यानं मिस्त्रीला हाक मारली. सगळी मंडळी तिथंच चहा पीत उभी होती. त्यांच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी खोलू नको. दुधवाल्याच्या गाडीले असते तसा लिव्हर लाव. माया पाय उचलत नाही."